पुढचा शब्द येईपर्यंत

समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. बाळांनो, मी जिन्यातून "चहा" म्हणून हाक मारली की तो दारात येऊन नुसता उभा राही. "काकू, चहा झाला का चहा संपला? पुढचा शब्द आल्याबिगर मी ठरवत नाही." इथे आमच्या धाड गावच्या बाजारात भाजीवाली "मेथी" म्हणाली तरी हा तिच्या तोंडाकडे पाहत राही. ती वैतागून म्हणे, "घेऊन राह्यले का नुसते पाहून राह्यले, भाऊ?"

त्याचं कामच तसं होतं. पुण्याच्या एका कंपनीसाठी तो घरबसल्या एका जुन्या, अवघड संगणकभाषेचा पार्सर लिहीत होता, म्हणजे प्रोग्राम वाचून त्यातलं काय काय आहे ते ओळखणारा प्रोग्राम. त्या भाषेत एकच शब्द कुठे हुकूम असे, तर कुठे कशाचं तरी नाव; कोणतं, ते पुढचा शब्द आल्यावरच कळे. नियम लिहून दिले की पार्सर आपोआप तयार करणारी साधनं मिळतात, पण याने सहा वर्षं खपून एकेक ओळ हाताने लिहिली होती. "एवढा खटाटोप कशाला रे?" मी विचारलं. "काकू, यंत्रानं केलेला नुसतं 'चूक' म्हणून थांबते. माह्यावाला कुठं चुकलं अन् तिथं काय पाहिजे होतं, ते सांगते. चुकणाऱ्या माणसाले तेवढं तर सांगाच लागते."

मग कंपनीने कळवलं, शुक्रवारी याचा आणि यंत्राने तयार केलेला, असे दोन्ही पार्सर जुन्या प्रोग्रामांवर चालवून पाहू आणि एकच ठेवू. तो आठवडाभर त्याच्या येरझारा माझ्या डोक्यावर चालू होत्या. पावलं वाजली की मला काळजी, थांबली की जास्त. कधी काही न विसरणारी मी, शुक्रवारी गॅसवर दूध ठेवून विसरले. दुपारी तो खाली आला. "काकू," म्हणाला आणि थांबला. त्या दिवशी मीही पुढच्या शब्दाची वाट पाहिली.

"दोन्हीनं सारं बरोबर वाचलं. पण माह्यावाला माह्याशिवाय कोणालेच दुरुस्त करता येत नाही म्हणे. यंत्राचा ठेवला." मग म्हणाला, "चुका समजावून सांगायचे निरोप तेवढे मी लिहायचे. पुण्याले बोलावलं."

मी रोज गोळीआधी चहा घेई, म्हणून जाताना त्याने माझ्या औषधांच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली: "सकाळ, ओळ दोन. इथे रक्तदाबाची गोळी पाहिजे होती, चहा सापडला."

परवा सवयीने मी जिन्यातून "चहा" अशी हाक मारली. पुढचा शब्द विचारायला कोणी दारात आलं नाही. मी कप खाली ठेवला आणि आधी गोळी घेतली.