हाय म्हणणारे फादर

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा शाल आणि श्रीफळ मिळालं. श्रीफळ त्याच दिवशी फोडलं, शाल दोन-तीन हिवाळ्यांत विरली. किस्से तेवढे राहिले. ते मी मुद्दाम कधी जपले नाहीत. पण चार माणसं बसली, चहा आला, की एकाच्या शेपटीला धरून दुसरा बाहेर येतो, आणि मंडळी म्हणतात, "मास्तर, हा आम्ही ऐकला नव्हता." मी सांगितलेला असतो. ते विसरलेले असतात. माझं फावतं.

साल तीसच्या आगेमागे मी सोलापुरात चर्चमागच्या कॅथलिक प्राथमिक शाळेत मराठीचा मास्तर होतो. हेडमास्तर होते फादर बेनेडिक्ट, स्वित्झर्लंडचे. लहान वर्ग सिस्टर क्लारा बघायच्या, त्या आयर्लंडच्या. पोरं मात्र सगळी इथलीच. रेल्वेतल्या गोवेकरांची, गिरणीकामगारांची, कानडी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांची, तेलुगू विणकरांची. ख्रिस्ती पोरं कमी, बाकीची जास्त.

मला नोकरी लागली तेव्हा आईनं एकच अट घातली. शाळेतून आल्यावर आधी आंघोळ, मग घरात पाऊल. थंडीच्या दिवसांत मी शिंकत वर्गात यायचो. फादरांनी कारण विचारलं. मी चाचरतच सांगितलं. वाटलं, दुखावतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मधल्या सुट्टीत पोरांना सांगितलं, "मास्तरांची आई लई चांगली हाय. तुमी पण रोज आंगोळ करा."

*

फादर मराठी शिकले युरोपात, कुठल्याशा जुन्या पुस्तकावरून. सोलापूर स्टेशनवर उतरल्यावर ते हमालाला म्हणाले, "हे बंधो, माझा भार वाहशील काय?" हमालानं आधी नमस्कार केला. मग सामान उचललं आणि पैसे घेतले नाहीत.

पुढं दोन वर्षं ते शाळेच्या मैदानात पोरांबरोबर राहिले आणि पुस्तकातली मराठी पार धुऊन निघाली. मी नोकरीला लागलो तेव्हा ते प्रवचनात सांगायचे, "देव लई दयाळू हाय. त्यो कुटं बी असतो."

मला नेमलं ते पोरांना शिकवायला आणि फावल्या वेळात फादरांची भाषा दुरुस्त करायला. त्यातलं पहिलं जमलं.

एकदा मी नेटानं म्हटलं, "फादर, हाय नाही. आहे."

 ते म्हणाले, "मास्तर, अख्खी शाळा हाय म्हणती. आहे म्हणणारे तुमी एकटे."

*

सिस्टर क्लारांना आमची नावं जड जायची. त्यात ग्रामदैवत सिद्धेश्वर, त्यालाच सिद्राम म्हणतात, त्यामुळं वर्गात सिद्राम फार. एका वर्षी चार आले. सिस्टरांनी हाक मारली की चौघं उठायचे, नाहीतर चौघंही बसून राहायचे. त्यांच्या देशात राजांची नावं अशीच एकसारखी असतात म्हणे. मग त्यांनी तोच तोडगा काढला. सिद्राम द फर्स्ट, सिद्राम द सेकंड, थर्ड आणि फोर्थ.

आठवडाभर सुरळीत गेलं. मग सिद्राम द थर्डचे वडील आले. भुसार मालाचे व्यापारी, फेटा बांधलेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, पोरगा घरात सगळ्यांत थोरला आहे, त्याच्या आधी कुणी झालेलं नाही, मग शाळेत तो तिसरा कसा? मी राजांचं सांगून पाहिलं. त्यांना राजा चालत होता, तिसरा चालत नव्हता.

सिस्टरांनी चौघांनाही फर्स्ट केलं. पुन्हा हाक मारली की चौघं उठायला लागले.

*

इन्स्पेक्शनचा किस्सा टोप्यांचा आहे. शाळा तपासायला डेप्युटी यायचे होते. सिस्टरांनी आदल्या दिवशी पोरांना बजावलं, मोठा माणूस वर्गात आला की डोक्यावरची टोपी काढायची. त्यांच्याकडं आदर दाखवायची ती रीत. आपल्याकडं बोडकं डोकं कधी दिसतं ते मी सांगायला हवं होतं, पण त्या दिवशी मी फादरांबरोबर दुसऱ्या वर्गात होतो.

डेप्युटीसाहेब आले. जरीची पगडी, उपरणं, हातात काठी. दारातून पाहतात तो ओळीनं पोरं उभी, सगळी बोडकी, माना खाली, चिडीचूप. साहेब उंबऱ्यातच थांबले. काठी हळूच टेकवली. अगदी खालच्या आवाजात त्यांनी सिस्टरांना विचारलं, "कोण गेलं?"

सिस्टरांना मराठी बेताची. त्या हसून म्हणाल्या, "तुमच्यासाठी."

साहेबांनी त्या वर्गाला एकही प्रश्न विचारला नाही. शेरा चांगला दिला. जाताना मला मात्र म्हणाले, "मास्तर, मी अजून आहे, एवढं बाईंना सांगा."

*

धर्माच्या तासाला ख्रिस्ती पोरं फादरांकडं जायची. बाकीच्यांना मी नीतिपाठ शिकवायचो. खोटं बोलू नये, वडीलधाऱ्यांचा मान राखावा वगैरे.

एक दिवस मघाचेच ते भुसारवाले पुन्हा आले. आता तक्रार अशी, की एका तासात काही पोरांना देव शिकवता आणि आमच्या पोराला नुसतं खोटं बोलू नको सांगता. ते तर आम्ही घरी पण सांगतो. मग तो इथं कशाला पाठवलाय?

फादर म्हणाले, पालकांच्या इच्छेविरुद्ध आम्ही दुसऱ्या कुणाला आमचा धर्म शिकवत नाही.

"इच्छा हाय की," ते म्हणाले. "शिकवा. सगळं शिकवा. फकस्त पोरगं किरिस्ताव होऊ देऊ नका."

 आयुष्यभर जे करायला फादर समुद्र ओलांडून आले होते, त्याचा त्यांनी या बाजूनं कधी विचार केला नसावा. शेवटी म्हणाले, "आजवरचा अनुभव बघता, जमंल."

*

नाताळात शाळेचं नाटक असायचं. येशूचा जन्म. संवाद माझे, पडदे सिस्टरांचे. एका वर्षी पालकांना सोयीचं पडावं म्हणून संध्याकाळची वेळ ठेवली. मैदान गच्च भरलं. योसेफ आणि मरिया बेथलेहेमला पोचले, गोठ्यात बसले, देवदूत झालेली रेल्वेतल्या ड्रायव्हरची मुलगी शिडीवर चढली, बाळ आता जन्मणार, आणि गिरणीचा भोंगा झाला.

सगळं मैदान एकदम उठलं. पाळी बदलायची वेळ. कोण थांबणार? चपला शोधत, पोरांना हात करत माणसं निघून गेली. पुढं उरल्या सिस्टर क्लारा, त्यांच्या जोडीच्या एक सिस्टर, मी आणि स्टेशनमास्तर. फादरांनी खुणावलं, चालू ठेवा. येशूचा जन्म आमच्या चौघांसमोर झाला. मेंढपाळ आले, राजे आले, पडदा पडला.

तेवढ्यात सुटलेल्या पाळीची माणसं फाटकातून आत आली. अंगावर कापूस, हातात रिकामे डबे. पोरांचं नाटक बघायला थेट गिरणीतून आलेली. खाली बसून वाट बघू लागली. त्यांना संपलं म्हणून सांगायला कुणी पुढं होईना.

फादरांनी पडद्याआड जाऊन मरियाच्या मांडीवरून बाळ झालेली बाहुली उचलली आणि पुन्हा सामानाच्या पेटीत ठेवली.

बेथलेहेममध्ये तो एकदाच झाला. सोलापुरात दोन पाळ्यांत झाला.

*

आता शेवटचा. हा मी फार कमी वेळा सांगतो.

शनिवारी दुपारनंतर ख्रिस्ती पोरं चर्चमध्ये कन्फेशनला जायची. लाकडी खोपटं, मध्ये जाळी, आत फादर. गुडघे टेकून आपलं पाप सांगायचं, फादर क्षमा देणार आणि ऐकलेलं कुणालाही, कधीही सांगणार नाहीत. एका शनिवारी मी बाहेर उभा असताना त्या रांगेत मला अंबय्या दिसला. विणकराचा मुलगा, पहिलीतला, नुकताच आलेला. त्याला तेलुगूखेरीज अक्षर येत नव्हतं. मी हाक मारेपर्यंत तो आत गेलासुद्धा.

बराच वेळ आत होता. बाहेर आला तो हुंदके देत, आणि घराकडं पळाला.

सोमवारी फादरांनी मला विचारलं, तेलुगू शिकवणारं कुणी मिळेल का? मी लिंगय्या म्हणून एक म्हातारे विणकर गाठून दिले. रोज मधल्या सुट्टीत व्हरांड्यात शिकवणी सुरू झाली. सिस्टरांना वाटलं, फादरांची तेलुगू मुलखात बदली झाली. मला खरं कारण कळत होतं: अंबय्या जाळीआडून जे बोलला, ते फादरांना समजलं नव्हतं. मी म्हटलं, "फादर, पोराचे जे शब्द लक्षात असतील ते लिंगय्यांना विचारा. एका मिनिटात अर्थ सांगतील."

"त्यानं मला सांगितलंय," फादर म्हणाले. "लिंगय्याला न्हाय."

मी म्हटलं, तो ख्रिस्ती नाही, मग तुमच्या नियमानं हे कन्फेशन धरतात तरी का?

"न्हाय धरत. पण पोराला ते ठावं न्हाय की."

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. फादर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत काहीतरी पुटपुटायचे, ऐकलेलं विसरू नये म्हणून. लिंगय्यांना ते घरातल्या एकेका गोष्टीचं नाव विचारायचे. दोरी, हौद, पाळणा, विस्तव, ताप. लिंगय्या एकदा मला म्हणाले, "फादर कायतरी हुडकतेत, पण काय हरवलंय ते सांगत न्हाईत."

दिवाळीनंतरची गोष्ट. लिंगय्या आपल्या लहानपणी वारलेल्या धाकट्या भावाबद्दल तेलुगूतून सांगत होते. मध्येच एका शब्दाला फादरांनी हात वर केला, हुडकत होते तो सापडल्यासारखा. लिंगय्या थांबले. फादर उठले आणि चर्चमध्ये गेले. तास सुरू झाला तरी आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंबय्याला ऑफिसात बोलावलं. तो आता दुसरीत होता. मी कोपऱ्यात पाट्या तपासत होतो. उठायला लागलो तर त्यांनी बसा म्हणून खूण केली, बहुधा धीरासाठी. मग पोरासमोर गुडघ्यावर बसून, एकेक शब्द जुळवत, ते तेलुगूत बोलले. बराच वेळ बोलले. कपाळाला घाम आला होता. अंबय्यानं मान एका बाजूला कलवून शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "फादर, मराठीत सांगा की."

फादरांनी त्याच्या कानाशी वाकून मराठीत सांगितलं. मला ऐकू आलं नाही. एकच वाक्य असावं, बहुधा तुझा दोष न्हाय, एवढंच.

"व्हय," अंबय्या म्हणाला. "आई बी तेच म्हणती."

आणि तो खेळायला पळाला. फादर तसेच गुडघ्यावर बसून राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मास्तर," ते म्हणाले, "तेलुगू लई अवघड हाय."