बुढ्याची सीडी

सीडी ड्राइव्हच्या आत अडकली होती आणि तिची दुसरी नक्कल नव्हती. आमचं काम असंच चालतं. पत्रकं गठ्ठ्यांनी छापायची, आणि माणसाचा आवाज एका चकतीवर ठेवून मोकळं व्हायचं.

आवाज होता केशोरीकडच्या एका म्हाताऱ्याचा. गावच्या तलावाचं तुडुम, म्हणजे पाण्याचं दार, उघडून धानाच्या बांध्यांना पाणी सोडायचं काम त्याने जन्मभर केलं. पाणी आधी कोणाला, मग कोणाला, हे त्याने आमच्या कॅमेऱ्यापुढे सांगितलं आणि पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. पावसाळ्यात रेकॉर्डिंग झालं तेव्हा त्याची बायको रोवणीला गेलेली. तिने ते कधी ऐकलंच नव्हतं. तेवढ्यासाठी दसऱ्याला ती आमच्या संघटनेच्या खोलीवर आली. मी उघड्या ट्रेत सीडी ठेवली, तोच अंगणातून पूजेची हाक आली; म्हातारी खोलीतच बसून राहिली. कुदळी-फावड्यांना हळद लावून मी परतले आणि बटण दाबलं, तर ड्राइव्ह घरघरला आणि थांबला. ट्रे बाहेर येईना.

दुरुस्तीला नेला, तर गोंदियाचा दुकानदार हसला. "दीदी, फेंको इसको. अब सीडी कौन चलाता है?"

"अंदर एक आदमी की आवाज है."

"तो मोबाइल में रखना था ना."

बरोबर बोलला, म्हणून जास्त राग आला. पण बिघडलं की फेका, ही शिकवण कोणाच्या सोयीची? विकणाऱ्याच्या. तलाव गाळाने भरला तरी गावाला हेच सांगतात: सोडा तो, बोअर मारा. मी ड्राइव्हचं खोकं उचललं आणि परत आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चटईवर ड्राइव्ह घेऊन बसले. म्हातारी समोर. पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पिन खुपसली; ट्रे बोटभर सरकला आणि अडला. मग स्क्रू काढायला लागले.

"पोरी, काढून राहिली का मोडून राहिली?"

"काकी, गप बसा थोडं."

पत्रा उचलला. ट्रे ढकलणाऱ्या दातेरी चाकात तांदळाचा दाणा रुतला होता. पिवळा, हळदीचा. लेन्सवर कुंकू.

"हे कोणी केलं?"

"म्याच. फावड्याले हळद लावली तुम्ही, विळ्याले लावली. याले काऊन नाही? याच्यात तं माहा बुढा हाय."

"मशीन आहे ते, काकी."

"मंग फावडं काय हाय?"

मी चिमटा उचलला. ती पदराशी चाळा करत हळू म्हणाली, "अंगणात मले कोण लावू देते कुंकू? इथं पाहायले कोणी नव्हतं."

अंगणात त्या दिवशी आमचीच माणसं होती. बाईच्या हक्काची पत्रकं वाटणारी. तिला कोणी मनाई केली नव्हती. करावी लागत नाही, इतकी ती मनाई पक्की आहे. आणि बोलावलं तर कोणीच नव्हतं.

चिमट्याने दाणा काढला. घसरलेला रबरी पट्टा चाकांवर चढवला. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून लेन्स पुसली, अगदी हलक्या हाताने. ती दाबली की संपली. सीडी धुतली, मधून कडेकडे कोरडी केली.

"चालन ना?"

"माहीत नाही."

चालली. आधी नक्कल करून घेतली, मगच लावली. म्हातारा पडद्यावर आला, टोपी नीट केली. "आधी शेवटची बांधी. तलावाजवळच्याले पाणी दिसते, शेवटच्याले फक्त वाट दिसते." पुढे बोलणार तोच त्याला खोकला आला. थांबेना. मी पुढे सरकवायला हात नेला, तर तिने माझं मनगट धरलं.

"हा खोकला तवाच होता?"

मी मान डोलावली.

"मले म्हणे, उन्हाळ्यात लागला."

म्हातारा तोंड पुसून पुन्हा पाण्याचं सांगायला लागला होता. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"पोरी," ती म्हणाली, "खोकल्यापासून पुन्हा लाव."