मोडेमची पूजा

बंद पडलेला मोडेम उघडण्याआधी भाऊ त्याच्यावर तळहात ठेवायचे, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग डोळे मिटून खानदेशी बोलीत सांगायचे, "ताप शे."

तुमच्याही गल्लीत असा एखादा नेटवाला असेलच. आमच्या जळगावात मे महिन्यात माणसंच भाजून निघतात, तिथे मोडेमचं काय घेऊन बसलात, असं मी एकदा त्यांना सुनावलं. त्यांनी मोडेमवरचा माझ्या हातचा क्रोशाचा रुमाल दोन बोटांनी उचलला. "मग ताई, याले स्वेटर कोणी घातलं?"

नवीन मोडेम घ्या, असं ते कधी म्हणत नसत. आमचा मोडेम नऊ वर्षं त्यांनीच जगवला. चहासुद्धा काम झाल्यावरच. "आधी त्याचं, मग माझं," म्हणायचे.

आणि त्या मोडेमला मारलं मी. दसऱ्याला शस्त्रं पुजतात. आमच्या घरात शस्त्रं म्हणजे विळी, शिलाई मशीन आणि मोडेम. लेकीची दुसऱ्या दिवशी अकराला पुण्याच्या कंपनीत ऑनलाइन मुलाखत होती, म्हणून मोडेमची पूजा जरा जास्तच भक्तीने केली. हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, वर फुलाने पाणी शिंपडलं. सकाळी बघते तर एकही दिवा लागेना. मोबाइलला रेंज म्हणाल तर आमच्या घरात भिंतीला कान लावून बोलावं लागतं.

भाऊ धावत आले. मोडेम उलटा केला, तर तांदूळ टपटप खाली पडले. "लगीन लावलं का याचं?" त्यांनी विचारलं. मग इस्त्रीचा ड्रेस घालून बसलेली लेक दिसली आणि त्यांचा चेहरा उतरला. "गेला, ताई."

दीड वर्ष पोरगी घरी बसलेली. ती रडायला लागली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"किती वाजता शे?" एवढंच विचारून ते स्कूटरवर गेले. अकराला दहा कमी असताना दुसरा मोडेम घेऊन परत आले. जुनाच होता. "ऑफिसात पडेल होता," म्हणाले. हिरवे दिवे लागले, मुलाखत सुरू झाली, तरी ते गेले नाहीत. कोणी बेल वाजवू नये म्हणून पाऊण तास आमच्या पायरीवर बसून राहिले. मला मिक्सरही लावू दिला नाही.

नोकरी लागली. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आम्ही मायलेकी त्यांच्या घरी गेलो. दार वहिनींनी उघडलं. भाऊ नरडाण्याच्या एका कारखान्यात वायरमन म्हणून लागले होते, तिकडेच खोली घेऊन राहत होते. नेटवाल्यांनी जुनी माणसं कमी केली, त्यात ते गेले.

वहिनींनी पेढा घेतला, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सहज विचारलं, "आमचा मोडेम नीट चालतो ना गं?"

मी वर बघितलं. भिंतीवर दोन खिळे होते आणि त्यांच्या मध्ये रंग न उडालेला एक चौकोन.

"उद्याच आणून देते," मी कसंबसं म्हटलं.

"राहू द्या ताई, ते नाहीत तर इथे कोण बघणार?" मग त्यांनी जीभ चावली. "आणि मी बोलले म्हणून त्यांना सांगू नका. ताई आल्या तर ऑफिसातलाच होता म्हण, असं बजावून गेलेत."