आधी माप तपासणारे मनोहरराव

मनोहरराव ढोबळे यांची माझी पहिली ओळख झाली ती मी नापास होण्याच्या बेतात असताना. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पुलगावजवळच्या आमच्या सूतगिरणीत ते कामगार अधिकारी म्हणून नुकतेच आले होते, आणि सूतगुंडाळणी खात्यातली मी मुकादमाच्या जागेसाठी अर्ज करून बसले होते. बाईमाणूस मुकादम झाल्याचे तोवर गिरणीत कुणी ऐकले नव्हते.

चांगला मुकादम निवडण्यासाठी मनोहररावांनी एक गुणतक्ता केला होता. खणखणीत आवाज, सतत धावपळ, जरब यांना भरपूर गुण. यंत्रांच्या घरघरीत माझा आवाज शेजारणीलाही ऐकू जात नसे. मी मनातून जागेवर पाणी सोडले. मॅनेजरसाहेबांना मात्र तक्ता फार आवडला. "उद्यापासूनच लावा," ते म्हणाले. मनोहरराव अडून बसले. "साहेब, आधी जुन्या मुकादमांवर लावून पाहू द्या."

लावला, आणि गिरणीभर हसू पसरले. ज्यांच्या खात्यातून जो तो बदली मागे, ते मुकादम पहिले आले. ज्यांच्या हाताखाली काम मिळावे म्हणून सगळे धडपडत, ते आत्मारामजी शेवटचे! त्यांच्या खात्यात यंत्रे सहसा बिघडतच नसत. मग ते धावणार कुठे आणि ओरडणार कुणावर? आपलाच तक्ता असा तोंडघशी पडल्यावर दुसरे कुणी चिडले असते. मनोहरराव सगळ्यांत मोठ्याने हसले.

"माप चुकलं आपलं, साहेब. माणसं नाई चुकले."

त्या हसण्यासाठी मला ते आजही फार आवडतात.

मग ते खात्याखात्यात फिरले. "बाई, यंत्र अडलं तं तुमी कोनाले हाक मारता? अन् काऊन?" एवढेच विचारत. नव्या तक्त्यातून आवाज गळाला, नवख्यांना शिकवण्याची हातोटी आली. जुन्या मुकादमांवर तो बरोबर उतरला, तेव्हाच आम्हा अर्जदारांना लावला. मी मुकादम झाले आणि घरापर्यंत रस्ताभर एकटीच हसत गेले.

काही महिन्यांनी आर्वीच्या संत्र्यांची पिशवी घेऊन ते खात्यात हजर. "सुमनबाई, निवड बरोबर झाली का नाई, थे पाहाले आलो." माझ्या हाताखालच्या बायकांना विचारून ते खुशीत संत्री वाटत सुटले. मला एक फोड उरली.

आज मनोहररावांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून आपण सारे इथे जमलो आहोत. शंभर वर्षे ठणठणीत जगा म्हटले, की ते विचारणार, "पडताळून पाह्यलं का?" नाही, मनोहरभाऊ. त्यासाठी चाळीस वर्षांनी पुन्हा इथेच भेटावे लागेल. संत्री मी आणते. तुम्ही फक्त यायचे.