दोराचं कळलं होतं की नाही

कानसेनांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागलं असतं. हा लिफ्टचा मेकॅनिक रस्त्यावरून जाता जाता वरच्या मोटरची घरघर ऐकायचा आणि म्हणायचा, "बेअरिंग गेलंय." आणि ते गेलेलंच असायचं! म्हणून कानसेन. आता एवढी अक्कल असलेल्या माणसाने थोडं गप्प बसावं की नाही? पण नाही. मला सगळं कळतं, हे दिवसातून दहा वेळा ऐकवल्याशिवाय त्यांना घास जायचा नाही.

पुस्तकं बांधायच्या एका कारखान्यातली मालाची लिफ्ट त्यांच्या देखरेखीखाली होती. पोलादी दोरावरून फडकं फिरवायचं. अडकलं की समजायचं, आतल्या तारा तुटायला लागल्या. एकदा फडकं अडकलं. कानसेनांनी मालकाला तोंडी सांगितलं. मालक म्हणाला, "एवढी ऑर्डर जाऊ दे, मग बदलू." लिफ्टला कुलूप घालायचा अधिकार कानसेनांचा होता. मालकाशी वाकडं कशाला घ्या, म्हणून त्यांनी घातलं नाही. चौथ्या दिवशी दोर तुटला आणि गठ्ठ्यांबरोबर खाली येणारी, छापील कागदांच्या घड्या घालणारी बाई गेली.

फौजदाराने विचारलं, "दोर खराब झालाय हे कळलं नव्हतं तुम्हाला?" दुसरा कोणी असता तर गांगरला असता. यांना राग आला. "मला कळणार नाही असं होईल का साहेब? माहीत होतं."

वकील मालकानेच दिला. केवढा देवमाणूस, असं कानसेनांच्या बायकोला वाटलं.

"पोलिसांपुढे बोललात ते सोडा," वकील म्हणाला. "कोर्टात काय सांगता ते महत्त्वाचं. कळलंच नव्हतं, तर तो निष्काळजीपणा. फार तर दोन वर्षं. कळूनही लिफ्ट चालू ठेवली, तर सदोष मनुष्यवध. दहा वर्षं."

"म्हणजे काम येत नाही त्याला कमी, आणि येतं त्याला जास्त? हा कुठला न्याय?"

"तसं नाही. मरण दिसत असून जो गप्प बसला, त्याला जास्त."

घरी बायको म्हणाली, "जन्मभर कळतं कळतं म्हणालात. आता एकदा म्हणा, नाही कळलं. दहा वर्षं मी कोणाच्या तोंडाकडे बघून काढू?"

तर कानसेन कोर्टात उभे राहिले आणि म्हणाले, "कळलं नाही." न्यायाधीशांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. लाजेने त्यांचे कान तापले.

"मग दोराबद्दल मालकाला काही सांगितलं होतं?" न्यायाधीशांनी विचारलं.

कानसेनांनी वकिलाकडे पाहिलं. वकील कागद चाळत होता. जे कळलंच नाही ते सांगणार कुठून?

"नाही," ते म्हणाले.

निकाल लागला. कानसेनांना दोन वर्षं. मालकाला दोष कोणी कळवलाच नव्हता, म्हणून तो निर्दोष. वकिलाने मालकाशी हात मिळवला, तेव्हा कुठे कानसेनांच्या डोक्यात प्रकाश पडला.

बाहेरच्या व्हरांड्यात त्या मेलेल्या बाईचा भाऊ आडवा आला. शिव्या देईल असं वाटलं होतं, पण तो हळू आवाजात बोलला.

"तुम्ही मालकाला दोराचं सांगितलंत, तेव्हा ताई तिथेच घड्या घालत होती. घरी येऊन म्हणाली मला. मी म्हटलं, मग बसू नकोस त्या लिफ्टमध्ये. तर म्हणते, धोका असता तर कानसेनांनी बंद नसती का केली? त्यांना सगळं कळतं."

कानसेनांनी बरोबरच्या शिपायाची बाही धरली.

"मला परत आत जाऊ द्या. एक सांगायचं राहिलंय."

"निकाल लागलाय, काका," शिपाई म्हणाला. "चला."