उठण्याआधीची बेल

सकाळी बाबा पलंगावर उठून बसले की मी हातातलं काम सोडतो. दाढीचा साबण तोंडाला तसाच असतो, आणि मी त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहतो. ते पाय खाली सोडतात. मी मात्र डोळ्यांकडे बघत असतो. डोळे एका जागी थिजले की समजायचं, आता पडणार.

बाबा एसटीत कंडक्टर होते. मोताळ्याहून बुलढाण्याला चढणाऱ्या गाडीत, राजूर घाटाच्या वळणांवर, कशालाही न धरता ते तिकिटं फाडायचे. जन्मभर हलत्या गाडीत उभा राहिलेला हा माणूस आता घरातल्या फरशीवर उभा राहताना कोसळतो. काही वर्षांपूर्वी त्यांना कंपवात झाला. हात थरथरतो याची आम्हाला सवय झाली होती. पण तोच आजार रक्तदाब सांभाळणारे मज्जातंतूही निकामी करतो, हे ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा पडले ते पाहुण्यासाठी. शेजारचे काका दारात आले आणि बाबा सवयीनं "या, या" म्हणत ताडकन उठले. कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. मी त्यांना निजवलं, बीपीचं मशीन लावलं, तर आकडा मोठा. आमच्याकडे 'बीपी आहे' म्हणजे वाढलेलंच असतं, आणि बीपी म्हटलं की मीठ बंद. बीपी उतरतंही, हे कुणाच्या मनातच येत नाही. त्याच दिवशी मी त्यांच्या ताटातलं लोणचं उचललं, ठेचा बंद केला, वरण अळणी करायला लावलं. शिवाय गावातल्या डॉक्टरांकडे हट्ट धरून बीपी उतरवायची गोळी आणली.

"ताटात चव नाही, तं माणसाले जोर कुठून येईन?" आई म्हणाली.

"तुले काही समजते का त्यातलं?" मी म्हणालो.

मग ते वारंवार पडू लागले. दर वेळी मी निजवून मोजायचो, दर वेळी आकडा मोठा यायचा, आणि मला वाटायचं, हे चोरून मीठ खातात.

शेवटी बुलढाण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी निजवून मोजलं, मग उभं करून, थोडं थांबून पुन्हा. आकडा निम्म्याजवळ घसरला होता. "उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं," ते म्हणाले. "शिरा आवळल्या जाऊन ते वर राहायला हवं. यांच्या शिरांना तो निरोपच पोचत नाही. ही गोळी कशाला चालू केली? आणि मीठ कुणी बंद केलं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "घरीच ठरलं आमचं, साहेब."

घाट उतरताना मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

तेव्हापासून घर उलटं चालतं. लोणचं परत आलं. उठण्याआधी तांब्याभर पाणी. जेवण थोडं थोडं, कारण पोटभर जेवल्यावरही दाब उतरतो. अंघोळीचं पाणी कोमट. दाब वाढवायची गोळी सकाळी आणि दुपारी. ती घेतल्यावर आडवं व्हायचं नाही, नाहीतर निजल्यानिजल्या दाब भलताच चढतो. रात्रीही तो चढू नये म्हणून पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. मांडीपर्यंत घट्ट मोजे.

"फुटबॉल खेळाले पाठवता का मले?" मोजे चढवताना बाबांनी विचारलं. विटांवर टेकलेल्या पलंगावर पहिल्यांदा निजले तेव्हा आईला म्हणाले, "पाह्य, गाडी घाटात लागली. मांगचे प्याशिंजर घसरून राह्यले."

आई हसली. मला हसू आलं नाही. उभे राहिले तर दाब पडतो, निजले तर चढतो; मधे माणसाला ठेवायचं कुठं? मी एकच उपाय केला. "बाबा, उठू नका. मले आवाज द्या," असं बजावलं आणि पलंगाजवळ लघवीचं भांडं ठेवलं. उठणंच सोडलं त्यांनी. ते पडत नव्हते, आणि मी निर्धास्त ऑफिसला जात होतो.

पुढच्या तपासणीला उभ्यानं मोजलेला दाब आणखी घसरला होता, पिंडऱ्या सैल पडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "जितकं निजवाल तितकं हे वाढेल. उठू द्या, पण टप्प्याटप्प्यानं." मी मिठाची चूक अज्ञानानं केली होती. ही दुसरी मात्र माझ्या भीतीनं केली होती.

पण टप्प्याटप्प्यानं उठवायचं कसं? मी "थांबा, थांबा" म्हणायचो आणि ते चिडून झटक्यात उठायचे. "चक्कर येते का?" विचारलं की "नाही बे!" आणि पुढच्या क्षणी माझ्या अंगावर कोसळायचे.

एके सकाळी आईच म्हणाली, "काऊन त्याईच्या मांगं लागतं? गाडी कंडक्टरची आहे. बेल त्याईलेच मारू दे."

बाबांनी पलंगाशी टेकवलेली काठी उचलली आणि पलंगाच्या पायावर एकदा ठोकली. सिंगल बेल: गाडी थांबलेली. पाणी प्यायले, पाय खाली सोडून पंजे हलवत राहिले, पिंडऱ्या आवळल्या. मग दोनदा ठोकलं. डबल बेल: गाडी निघाली. आणि उठले. मी हात पुढे केला होता. त्यांनी तो काठीनं बाजूला सारला. दारापर्यंत गेले, परत आले.

परवा ते डबल बेल देऊन उभे राहिले आणि लगेच काठी एकदाच आपटली. मला कळायला क्षण लागला. चक्कर येतेय, हे ते पहिल्यांदाच आपणहून सांगत होते. मी धरून बसवलं. घाम माझ्याच कपाळावर होता.

"आता?" मी विचारलं.

"थांब ना बे. प्याशिंजर उतरून राह्यले," डोळे मिटून ते म्हणाले.

मी तांब्या त्यांच्या हाती दिला आणि दारात जाऊन उभा राहिलो. ऑफिसची गाडी निघून गेली होती. काठी अजून उचललेली नव्हती, आणि ती कधी उचलायची हे मला ठरवायचं नव्हतं.