विसरलेली ओळ

कम्प्युटर डोळ्यांनी न बघता त्याचे प्रोग्राम लिहिणारा माणूस अख्ख्या कोकणात एकच होऊन गेला, आणि तो विजयदुर्गात आमच्या शेजारी राहत होता. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या या काकांचा एकुलता एक मुलगा अमेरिकेत पडद्यावरच्या विंडोंचे प्रोग्राम लिहायचा. त्याने पाठवलेलं जाडजूड पुस्तक काका पोथीसारखं रोज वाचत. विंडो तयार करायला एक फंक्शन, म्हणजे कम्प्युटरला द्यायचा हुकूम, सरकवायला दुसरं, लहानमोठी करायला तिसरं. जुन्या लग्नपत्रिका कापून ते मेजावर विंडो मांडत आणि फंक्शनचं नाव मोठ्याने घेऊन एकेक सरकवत. मी गेलो की आधी ओरडत, "दार लाव रे, वाऱ्यान विंडो उडतत." काकी गेल्यापासून त्या घरात आवाज काय तो तेवढाच. मला तिथून लवकर उठवत नसे.

काकांचा हात थरथरायचा, म्हणून त्यांनी लिहिलेला, मुलाला तपासायला पाठवायचा प्रोग्राम मी सुवाच्य अक्षरात उतरवून पोस्टात टाकी. काका दर वेळी एकच ओळ विसरत. विंडो तयार करत, जागेवर नेत, पण ती पडद्यावर दाखवायचं फंक्शन राहूनच जाई. मग मुलाचं पानभर पत्र येई, की बाबा, विंडो नुसती तयार करून भागत नाही, ती दाखव म्हणून वेगळं सांगावं लागतं. शेवटी चार ओळी तिथल्या थंडीच्या, जेवणाच्या. ते पत्र काका आठवडाभर खिशात घेऊन हिंडत आणि बंदरावर भेटेल त्याला सांगत, "माझो झील माका शिकयता."

गणिताच्या मास्तराने तीच चूक दहादा करावी याची मलाच लाज वाटू लागली. एकदा उतरवताना मी ती ओळ गुपचूप घातली. नसता शहाणपणा, दुसरं काय.

महिन्याभराने उत्तर आलं. "बाबा, या वेळी सगळं बरोबर आहे. आता तुम्हाला माझी गरज नाही." काकांनी कागद उलटून पाहिला. मागे कोरा होता.

"ती ओळ तू घातलंस मा?"

मी मान डोलावली.

"माका ती पाठ आसा रे. चुकली की तो पानभर लिवता." मग हळूच म्हणाले, "आता तो कित्याक लिवतलो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दुपारी नवा प्रोग्राम उतरवायला बसलो. काकांची विसरलेली ओळ विसरलेलीच ठेवली, वर पदरच्या दोन चुका घातल्या. पुढे रोज टपालाच्या वेळेला आम्ही दोघे पोस्टाच्या पायरीवर.

दीड महिन्याने पाकीट आलं. काकांनी ते लगेच फोडलं नाही, आधी तळहातावर तोलून पाहिलं.

"जड आसा," म्हणाले.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही कुणी माझी चूक सुधारू लागलं, की मी त्याला मधे थांबवत नाही, पूर्ण सांगू देतो.